वासाची हजेरी

नंदुरबारच्या पथारीवर माझी ओळख नाकाने होती.
मूठभर मिरची उचलायची, मोडायची नाही,
नुसती नाकाशी न्यायची आणि सांगायचं:
अजून दोन दिवस ऊन द्या. किंवा, भरा.
शेठ म्हणायचे, निंबाचं नाक म्हणजे तोलकाटा.

ते कधी बंद पडलं, तारीख माहीत नाही.
आधी भाकरीचा वास गेला, मग साबणाचा,
मग एकदा चुलीवर कळण्याचं पीठ करपलं,
केवल विहिरीवरून धावत आली
आणि मी तिथेच बसलेलो, धूर डोळ्यांनी बघत.

"काय हो, तुमले वास येत नही?"
"सर्दी शे."
दोन वर्षं सर्दी शे.

तोंड उघडं टाकून झोपायचो, घशाला कोरड,
बोलणं असं की मडक्यात तोंड घालून बोलतोय.
जो भेटेल तो वैद्य. हाड वाढलं म्हणे. दही सोड म्हणे.
शहाद्याच्या बाजारात एकजण
काडीला तेजाब लावून मस्सा जाळून देतो म्हणाला.
तिथून पळालो, तेवढी अक्कल शिल्लक होती.

पौषात नव्हती.
चाळीस पोती मी "भरा" म्हणून सांगितली.
आत ओल होती. महिन्याने बुरशी.
शेठनी विचारलं, कोणी पाहिली होती?
मी चपलेकडे पाहिलं.
उखा शेजारी उभा होता, त्याने पोती शिवली होती.
उखाला काढलं.

डॉक्टर वळवीबाईंनी नाकात दुर्बीण घातली
आणि पडदा माझ्याकडे वळवला.
सोललेल्या द्राक्षांचा घोस, फिकट, ओला,
माझ्याच अंधारात लोंबत होता.
"हाड नाही हे. आतलं अस्तर वर्षानुवर्षं सुजलं
की असे पॉलिप धरतात.
दुखत नाहीत, म्हणून तर माणूस उशिरा येतो."
मिरचीमुळे?
"एकट्या मिरचीवर आळ नको. धूळ भर घालते.
दमा आहे का?"
थोडा.
"डोकेदुखीला ॲस्पिरिन?"
एकदा घेतली होती. रात्रभर छाती वाजली होती.
तिने लाल शाईने लिहिलं: ही गोळी पुन्हा नाही.

मग फवारा. उजव्या नाकपुडीला डावा हात,
तोंड मधल्या पडद्याकडे नाही, बाहेर, कानाच्या दिशेने.
मग मीठपाणी: उकळून गार केलेलं,
चिमूटभर सोडा, मोरीवर वाकून.
पोरं हसायची, बाप नाकाने चूळ भरतो.
तीन महिन्यांत घोस थोडा आक्रसला.
उरलेला धुळ्याला, भूल देऊन, दुर्बिणीतून काढला.

अकराव्या दिवशी वास आला.
मिरचीचा नाही, केवलच्या केसांचा नाही.
दोरीवरच्या उपरण्याचा, नीट न वाळलेल्या.
पहिला वास ओलीचाच आला.

मी तसाच शेठकडे गेलो.
ती चाळीस पोती माझी चूक, म्हटलं. उखाची नाही.
शेठ पंख्याकडे बघत राहिले.
उखा आता दोंडाईच्याला जिनिंगमध्ये आहे,
कापसाच्या फुफाट्यात, नाकाला काही न बांधता.
त्याच्यासाठी जाड मास्क नेले, डझनभर.
त्याने घेतले. चहा नाही विचारला.

बाई म्हणाल्या होत्या, हे परत उगवू शकतं,
फवारा सोडलात की लवकर, कधी न सोडताही.
म्हणून सकाळी मोरीतून उठलो
की ओव्याच्या डब्याचं झाकण काढतो.
केवल पिठाचे हात तसेच ठेवून थांबते.
"ऊना का?"
परवा लगेच आला.
काल जरा उशिरा.
आज अजून झाकण हातात आहे.